ऊन मे महिन्यात, पैसे दिवाळीत

कागदाच्या लगद्याची दहा इंची पाटी, म्हणजे पसरट टोपली, एप्रिलच्या उन्हात चार दिवसांत खडखडीत वाळते. तीच पाटी जुलैत दहा दिवस ठेवली तरी आतून ओली राहते आणि पाचव्या-सहाव्या दिवशी बुडाशी बुरशीचे काळे ठिपके धरते. बचत गटातल्या बायकांनी रद्दीपासून पाट्या, ट्रे, फुलदाण्या बनवाव्यात म्हणून राज्यात एवढी शिबिरं होतात, एवढी पत्रकं निघतात. त्यांत कौशल्यविकास असतो, सक्षमीकरण असतं, ‘टाकाऊतून टिकाऊ’ तर असतंच असतं. वाळवण मात्र नसतं.

या धंद्याचं खरं दुखणं तिथे आहे. ज्या महिन्यांत ऊन असतं त्या महिन्यांत गिऱ्हाईक नसतं, आणि गणपती-दिवाळीचं गिऱ्हाईक उभं राहतं तेव्हा आभाळ गळत असतं. मधले पाच महिने बाईची मजुरी वाळलेल्या पाटीत अडकून पडते. सार्वजनिक पैसा या कामावर खर्च व्हायचाच असेल तर तो या पाच महिन्यांवर व्हावा. आणखी एका प्रशिक्षणावर आता नको.

प्रशिक्षण नको म्हणायला कारण आहे. लगद्याची पाटी ही बाहेरून कुणी येऊन शिकवावी अशी विद्या नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आज्या-पणज्यांनी रद्दी भिजवून, मेथ्या वाटून, टोपली पालथी घालून तिच्यावर लगदा थापला आहे. त्या पाटीत वाती, सुपारी, शिवणकामाचं सामान राहायचं, आणि मेथीच्या कडूपणामुळे कसर लागत नाही असा सगळ्यांचा अनुभव. शिबिरात तीन दिवसांत जे शिकवतात ते बहुतेक याच्यावर रंग कसा द्यायचा एवढंच. त्याच गावात त्याच बायकांना हे दोन-तीनदा शिकवून झालेलं असतं, कारण प्रशिक्षणाचा खर्च कागदावर दाखवायला सोपा. प्रमाणपत्रं वाटतानाचा फोटो निघतो. वाळत पडलेल्या दोनशे पाट्यांचा फोटो कुणी काढत नाही.

पण शिकवायचंच असेल तर जिथे काम बिघडतं तिथलं शिकवा. एक किलो कोरड्या वर्तमानपत्राचा हिशोब घेऊ. कागद उभा फाडला तर सरळ फाटतो, आडवा वाकडातिकडा, कारण कागद बनताना तंतू बहुतांशी एकाच दिशेला बसतात. फाडलेले रुपयाएवढे तुकडे आठ लिटर पाण्यात दोन दिवस भिजतात, थंडीत तीन. पाणी दोनदा बदलायचं, नाहीतर लगद्याला आंबूस वास येतो आणि तो रंगाखालीही जात नाही. चकचकीत पुरवण्या आणि जाहिरातींचे कागद यात घालू नयेत. त्यांच्यावर चिनी माती आणि चुनखडीचा थर असतो. तो पाण्यात गाळ होऊन बसतो आणि लगद्याला धरून ठेवत नाही. दुकानातल्या यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्यांचा कागद तर नकोच नको, त्याच्यावर छपाईसाठी रसायन लावलेलं असतं. कार्यालयातला कागद घेतला तर आधी पिना काढायच्या. एक राहून गेलेली स्टेपलरची पीन लगदा मळताना बोट कापते, आणि पुढे पाटीच्या पांढऱ्या अस्तरातून गंजाचा तांबूस डाग वर येतो.

मग वाटणं. इथे बहुतेक ठिकाणी घरचा मिक्सर वापरतात आणि दोन तोटे करून घेतात. भांडं पाण्याने भरून त्यात मूठभरच लगदा घातला तर मिक्सर चालतो. घाईने दाट लगदा घातला की मोटर जळते. शिवाय पातं तंतू कापतं. उखळात मुसळाने कुटलं तर तंतू चेचले जातात, त्यांना केसाळ टोकं फुटतात आणि ती एकमेकांत अडकतात. मिक्सरचा लगदा दिसायला मऊ, पण त्याची पाटी कडेला भुगा होते. उखळातली पाटी ओबडधोबड दिसते पण हातातून पडली तर फुटत नाही. हातकागदाच्या कारखान्यात हेच चेचण्याचं काम बीटर नावाचं यंत्र करतं. पुण्यात शिवाजीनगरला १९४० सालापासून हातकागद संस्था आहे. जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा ही तर कितीतरी जुनी ठिकाणं. म्हणजे हे ज्ञान आपल्याकडे नाही असं नाही. ते लगदा थापणाऱ्या बाईपर्यंत आलं नाही, आणि एका गटाला परवडणारं नसलं तरी दहा गावांत मिळून एक बीटर असावा असं कुणाच्या योजनेत बसलं नाही.

कुटलेला लगदा जुन्या धोतराच्या फडक्यात पिळायचा, इतका की मुठीत दाबला तर बोटांतून पाणी ओघळू नये. किलोभर कागदाला १०० ते १२५ ग्रॅम मेथ्या रात्री भिजवून सकाळी वाटून घालतात. बरोबर मैद्याची किंवा चिंचोक्याची खळ, आणि गुळगुळीतपणासाठी पाव किलोपर्यंत खडूची पूड किंवा मुलतानी माती. खळ कमी पडली तर कडा झडतात. जास्त झाली तर वाळताना पाटी आखडते, वाकते, आणि पुढे कसर नि उंदीर दोघांनाही आवडते. माती जास्त झाली तर पाटी जड आणि ठिसूळ. हा अंदाज हाताला येतो, त्याला पंचवीस-तीस पाट्या वाया जाऊ द्याव्या लागतात, आणि त्या वाया जाण्याचे पैसे कुठल्याच शिबिराच्या अंदाजपत्रकात नसतात.

थापताना जाडी सारखी हवी, साधारण सात-आठ मिलिमीटर, बुडाला किंचित जास्त. स्टीलच्या पातेल्यावर थापलं तर सोपं जातं पण आतल्या बाजूला हवा लागत नाही. लगदा वाळताना आकसतो, पातेलं आकसत नाही. दोन दिवस तसंच ठेवलं तर पाटीला काठापासून बुडापर्यंत चीर पडते. बारा तासांत काढली तर बसते, म्हणजे फतकल मारते. साच्यावरून पाटी उतरवायची नेमकी वेळ, पाटी वरून कातड्यासारखी झालेली पण अजून थंड लागणारी, हे या कामातलं खरं कसब. मातीच्या मडक्यावर किंवा बुरडी टोपलीवर थापलं तर ही वेळ थोडी ऐसपैस मिळते, कारण साचाच पाणी पितो. उतरवलेली पाटी पहिला दिवस सावलीत, मग उन्हात, दिवसातून दोनदा पालथी. थेट कडक उन्हात ठेवली तर वरची साल आधी वाळते आणि आतलं पाणी कोंडतं. वाळली की नाही हे बघायला जुन्या बायका पाटी गालाला लावतात. गार लागली तर अजून ओल आहे. तराजू असेल तर त्याहून बरं: लागोपाठ दोन दिवस वजन तेच भरलं की वाळली. ही खात्री न करता अस्तर आणि रंग चढवला की महिन्याभरात रंगाला पोपडे येतात. गिऱ्हाईक म्हणतं माल खराब. माल खराब नसतो, घाईचा असतो, आणि घाई पावसामुळे झालेली असते.

आता जागा. दहा इंची पाटीला हलवाहलवीसकट एक फूट बाय एक फूट जागा लागते. दोनशे नगांची खेप म्हणजे जवळजवळ दोनशे चौरस फूट, चार दिवस, आणि तेवढे दिवस तिथे कोंबडी, कुत्रं, पोर फिरकता कामा नये. ही जागा म्हणजे कुणाच्या तरी घराची गच्ची किंवा अंगण. मार्च ते मे या महिन्यांत त्याच गच्चीवर घरच्या कुरडया, सांडगे, तिखटाच्या मिरच्या असतात. त्यात लग्नसराई. सासूबाईंच्या कुरडया बाजूला सारून गटाच्या पाट्या मांडायच्या हे सांगायला सोपं आहे. पाच फळ्यांची साधी घोडी असेल तर तेवढाच माल चाळीस चौरस फुटांत मावतो, वारा सगळीकडून लागतो, वळवाचा पाऊस आला तर ताडपत्री टाकता येते. लोखंडी नळ्या, बांबूच्या पट्ट्या आणि जाळी. गावातला वेल्डर दोन दिवसांत करून देईल असली वस्तू आहे ही.

पाण्याचंही सांगायला हवं, कारण ते लपवलं जातं. किलोला आठ लिटर, आणि दोनदा बदलायचं, म्हणजे चोवीस लिटर. हजार पाट्यांना २०० किलो रद्दी, म्हणजे ४,८०० लिटर. एप्रिलच्या मराठवाड्यात हा एक टँकर झाला. एका खेपेचं शेवटचं पाणी पुढच्या खेपेच्या पहिल्या भिजवणीला वापरलं तर तिसरा हिस्सा वाचतो, पण तरीही जिथे बाईला हंड्यासाठी रांग लावावी लागते तिथे हा धंदा काढू नये. तिथे सुरनळ्यांच्या टोपल्या बऱ्या: वर्तमानपत्राच्या चार बोटं रुंद पट्ट्या स्वेटरच्या सुईवर तिरक्या गुंडाळून नळ्या करायच्या आणि वेतासारख्या विणायच्या. एका मध्यम टोपलीला शंभरेक नळ्या लागतात, पाणी जवळपास नाही, ऊनही नको. वेळ मात्र खातात.

पावसाचा हा प्रश्न नवा नाही, आणि तो सुटलेलाही आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचं पुढे लिज्जत झालं ही गोष्ट शाळकरी पोरांनाही पाठ आहे. त्या गोष्टीतला एक तपशील भाषणांत गळतो. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून त्यांना चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट घेतली आणि एक स्टोव्ह. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. काम बाराही महिने चालू झालं. लिज्जतचं यश सांगताना लोक जिद्द, एकी, स्वाभिमान यांबद्दल बोलतात. ते सगळं होतंच, पण त्या आधी ती खाट होती. लगदा पापडापेक्षा कितीतरी जाड, त्याला नुसती खाट पुरणार नाही, वारा खेळता ठेवणारा पंखा आणि बंदिस्त शेड लागेल, कोकणात तर थोडी उष्णताही. प्रश्न मात्र त्याच जातीचा आहे.

लिज्जतचा दुसरा धडा हिशोबाचा. तिथे पीठ केंद्रावर मळतात, बाई घरी नेऊन लाटते, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड वजनावर देते आणि किलोमागे ठरलेला मोबदला घेते. पापड विकला गेला की नाही याच्याशी तिच्या त्या दिवसाच्या पैशांचा संबंध नाही. आपल्या कागदी वस्तूंच्या गटांत नेमकं उलटं असतं: माल विकला तर पैसे, नाहीतर कपाटात. आणि विकला तरी किती, ते पाहू.

एका पाटीला लागणारा वेळ, वीस नग एका वेळी केले असं धरून: फाडणं-भिजवणं १० मिनिटं, कुटणं-पिळणं २५, थापणं २०, उतरवणं आणि वाळवणीची राखण १०. ही कोरी पाटी झाली, ६५ मिनिटांची. पुढे कडा घासणं २०, पांढरं अस्तर दोन हात १५, रंगकाम ३०, वॉर्निश १०. आणखी ७५. एकूण दोन तास वीस मिनिटं. रोजगार हमीची महाराष्ट्रातली २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये, म्हणजे आठ तासांनी भागून ताशी ३९. आपल्याच राज्याने १९७७ साली कायदा करून देशाला शिकवलेली ही किमान रेघ आहे, काही चैनीचा दर नव्हे. त्या दराने पाटीची मजुरी ९१ रुपये. रद्दी, मेथ्या, खळ, माती मिळून आठेक रुपये, रंग-वॉर्निश सतरा, खोका दहा. बेरीज १२६. दहातली एक फुटते किंवा वाकते, म्हणून १४०. यात स्टॉलचं भाडं नाही, प्रवास नाही, दुकानदाराचं कमिशन नाही.

अशा पाटीवर दीडशेची चिठ्ठी लावली आणि घासाघिशीत ती १२०ला गेली, तर सामान आणि फुटतूट वजा जाता बाईच्या हातात ताशी ३१ रुपये पडतात, दिवसाचे २५०. रोजगार हमीपेक्षा बासष्ट कमी. त्यात दोघी जणी दहा दिवस शहरातल्या प्रदर्शनात बसल्या तर त्यांचे १६० तास झाले, ३९च्या दराने ६,२४० रुपये. दोनशे नग विकले असतील तर नगामागे आणखी ३१ गेले, आणि मागे राहिलेल्या बायकांचा रोज दीडशेच्या आसपास आला. एवढं करूनही अहवालात लिहिलं जातं की गटाने २४ हजारांची विक्री केली. विक्री केली हे खरंच आहे.

हा हिशोब कुणी मांडत नाही कारण एक शब्द आडवा येतो: फावला वेळ. ‘बायका घरचं आवरून फावल्या वेळात करतात’, म्हणून मजुरी धरायची नाही, म्हणून पाटी स्वस्त, म्हणून गिऱ्हाईक खूष. पाणी भरणं, रांधणं, धुणी, रोजंदारी, पोराचा अभ्यास हे करून उरलेला वेळ फावला कसा? तो झोपेतून काढलेला असतो. सुताराच्या खुर्चीचा भाव लावताना त्याचा वेळ फावला होता का हे आपण विचारत नाही. गटाने एक वही ठेवावी आणि तिच्यात मालाबरोबर मिनिटंही लिहावीत. सहा महिन्यांत कुठली वस्तू करायची आणि कुठली बंद करायची हे ती वहीच सांगेल. बहुतेक ठिकाणी रंगकामाची तीस मिनिटं आधी बंद होतील, कारण वारली चित्रांची नक्कल काढून पाटीची किंमत वीस रुपयांनी वाढते आणि मजुरी तेवढीच खर्ची पडते. वर ती कला ज्यांची आहे त्यांच्या पोटावर पाय.

आता त्या अडकलेल्या पाच महिन्यांकडे येऊ. हजार पाट्या मे अखेर तयार करून ठेवायच्या तर दहा बायकांनी रोज चार तास दिले तरी कोऱ्या पाट्यांनाच २७ दिवस लागतात. मजुरी आणि सामान धरून पूर्ण रंगवलेल्या हजार पाट्यांत १ लाख १६ हजार रुपये गुंततात आणि ते सुटतात ऑक्टोबरात. राज्य सरकारने २०२३ साली उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या, गटांचा फिरता निधी १५ हजारांवरून ३० हजार केला. चांगलं केलं. पण ३० हजारांत रंगवलेल्या पाट्या बसतात २५८.

इथे काश्मीरकडून घेण्यासारखं आहे. तिथल्या कागदी लगद्याच्या कामात दोन वेगळे कारागीर असतात: लगद्याची वस्तू घडवणारा सख्तसाज आणि तिच्यावर चित्र काढणारा नक्काश. कोरी वस्तू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हाती जाते तेव्हा तिचा स्वतःचा भाव असतो. आपल्या गटांनी काम असंच तोडावं. मार्च ते मे फक्त कोऱ्या पाट्या. त्या कडुनिंबाच्या पाल्यात, कोरड्या खोलीत, जमिनीपासून हातभर वर रचून ठेवाव्यात. घासणं, अस्तर, रंग हे काम जुलै-ऑगस्टात, मागणी बघून. घरात बसून करता येतं, अस्तराचे पातळ हात पंख्याखालीही वाळतात. कोऱ्या पाटीत मजुरी ४२ आणि सामान आठ, पन्नासच रुपये गुंततात. त्याच ३० हजारांत ६०० नग होतात. आणि कोरी पाटी जमा केली की त्याच आठवड्यात बाईला तिचे ४२ रुपये मिळाले पाहिजेत. दिवाळीपर्यंत थांबायची जोखीम संस्थेने घ्यायची, बाईने नाही.

संस्था म्हटलं की कायदा आला. बचत गट हा दहा ते वीस जणींचा, बचत आणि कर्जासाठी जमलेला मेळ आहे. नाबार्डने १९९२ साली तो बँकेशी जोडला तोही त्याच कामासाठी. मालाची मोठी मागणी घेणं, इसार स्वीकारणं, उशीर झाला तर जबाबदार धरलं जाणं, याला तो अपुरा पडतो. सहकारी संस्था काढायची तर महाराष्ट्राच्या १९६०च्या कायद्याप्रमाणे किमान दहा सभासद वेगवेगळ्या कुटुंबांतले लागतात, आणि इथेच पुष्कळ गट अडखळतात, कारण गटात सासू-सून असतात, जावा असतात. मग दोन-तीन गटांनी एकत्र यावं लागतं. दरवर्षी लेखापरीक्षण, सप्टेंबर अखेरच्या आत सर्वसाधारण सभा, या कटकटी आहेत. पण वही सगळ्यांपुढे उघडावी लागते हा त्या कटकटीचा फायदा. अध्यक्षाबाईंच्या घरात माल, अध्यक्षाबाईंच्या मोबाइलवर गिऱ्हाईक, हे चित्र सहकारात निदान वर्षातून एकदा तरी अडचणीत येतं.

कर्ज मिळत नाही का? मिळतं. ग्रामीण अभियानातल्या गटांना तीन लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी मिळतं, आणि बँका देतातही, कारण बायका फेडतात. अडचण फेडण्याच्या तारखांची आहे. कर्ज मार्चमध्ये घेतलं की हप्ता एप्रिलपासून, दर महिन्याला. पाटीचा पहिला रुपया सप्टेंबर-ऑक्टोबरात. मधले सहा हप्ते बाई भरते ते शेतमजुरीतून, नवऱ्याच्या पगारातून किंवा सूक्ष्मवित्त कंपनीच्या दुसऱ्या कर्जातून. शेतकऱ्याला पीककर्ज देताना बँक असं करत नाही. पेरणीला कर्ज, सुगीनंतर फेड, हे पिढ्यान्‌पिढ्या मान्य आहे, कारण ज्वारी दर महिन्याला पिकत नाही हे बँकेला कळतं. पापड, कुरडई, आमसूल, लगद्याची पाटी, उन्हावर चालणारे हे सगळे बायकांचे धंदेही दर महिन्याला पिकत नाहीत. ते पुरुषांच्या शेतीइतकेच हंगामी आहेत, फक्त त्यांचा सातबारा नाही. वाळवणीच्या धंद्यांना पीककर्जासारखी एकरकमी फेड द्या, ही मागणी प्रभाग संघांनी, म्हणजे अनेक गावांतल्या गटांच्या संघांनी, ठराव करून लावून धरायला हवी. यात सरकारला नवं अनुदान द्यायचं नाही. तारीख बदलायची आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: पाच महिने माल साठवला आणि विकलाच गेला नाही तर? कर्ज, मजुरी, सगळं बुडेल. बरोबर. म्हणूनच काय बनवायचं हे हौशीवर सोडू नये. लोक फुलदाणी एक घेतात, तीही कौतुकाने. त्याच घरी पुढची पाच वर्षं ती विकता येत नाही. कार्यालयाची कागदी कचऱ्याची टोपली घ्या. बादली पालथी घातली की साचा तयार, निमुळती असल्यामुळे पाटीपेक्षा सहज सुटते. उंची फूटभर. बाहेरून तपकिरी जाड कागद खळीने चिकटवला आणि वॉर्निश मारलं की झालं, रंगकाम शून्य. ओला कचरा तिच्यात टाकायचा नाही एवढंच पथ्य. महाराष्ट्रात जवळजवळ २८ हजार ग्रामपंचायती आहेत, त्याशिवाय शाळा, तलाठी कार्यालयं, पंचायत समित्या. केंद्र सरकारच्या खरेदी धोरणात एकूण खरेदीच्या २५ टक्के सूक्ष्म-लघु उद्योगांकडून आणि त्या पंचविसातले ३ टक्के महिला उद्योगांकडून घ्यायचे असं लिहिलेलं आहे. जिल्हा परिषदेला स्वतःच्या टोपल्यांसाठी असा नियम करायला कोण अडवतं? मागणी मार्चमध्ये नोंदवा, चौथाई इसार द्या, माल सप्टेंबरात घ्या. कंटाळवाणी वस्तू, मोठी संख्या, लेखी मागणी. धंदा यावर उभा राहतो. प्रदर्शनातला स्टॉल हा वरचा मसाला.

कच्च्या मालातही कार्यालयांचाच उपयोग आहे. वर्तमानपत्राची रद्दी काही वाया जात नाही. रद्दीवाला ती घेतो, ती गिरणीत जाते, तिचा पुन्हा कागद होतो. स्वच्छ रद्दी त्या साखळीतून काढून, वर ॲक्रिलिक आणि वॉर्निश चढवून, आपण झाडं वाचवली असं सांगणं खरं नाही. रंगवलेली पाटी पुन्हा कागद होत नाही. हजार पाट्यांत जाणारी २०० किलो रद्दी म्हणजे टेम्पोची अर्धी फेरीही नव्हे. पाटी करायचं कारण मजुरी आहे, पर्यावरण नव्हे, आणि तसं स्पष्ट म्हणायला लाज वाटायचं कारण नाही. कागद म्हणजे निसर्गाला चांगलाच, हा समज किती फसवा असतो ते गणेशमूर्तींच्या वेळी दिसलं: राज्याने २०११ साली कागदी लगद्याच्या मूर्तींना उत्तेजन दिलं आणि २०१६ साली हरित लवादाने त्यालाच स्थगिती दिली, कारण तोच लगदा पाण्यात गेला की पाण्याचं नुकसान करतो. खाण्याच्या बाबतीतही तेच. वर्तमानपत्राच्या शाईचा अन्नाशी संबंध नको म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यात खाद्यपदार्थ बांधायलाच बंदी केली आहे. तेव्हा लगद्याच्या पाटीत ‘पोळ्या ठेवा’ असं सांगून विकणाऱ्या गटांनी ते थांबवावं. वाती, चाव्या, रिमोट, लोकरीचे गुंडे, बस्स.

ज्या कागदाला भाव कमी तो घ्यावा. श्रेडरमधून निघालेला चुरा हा तसा कागद: तंतू आखूड, भाव कमी, आणि लगद्याला तो चालतो, निम्मी वर्तमानपत्राची रद्दी मिसळली तर. मुदत संपलेले दप्तर, जुन्या उत्तरपत्रिका, बँकेच्या शाखांमधले फॉर्म, हे सगळं गोपनीय म्हणून नष्ट करावं लागतं. लगद्यापेक्षा पक्का नाश दुसरा कुठला? महिला सहकारी संस्थेने दप्तर मोजून घ्यावं, पाण्यात टाकेपर्यंत कार्यालयाचा माणूस समोर बसवावा, नष्ट केल्याचा दाखला द्यावा आणि त्याचे पैसे घ्यावेत. रद्दी फुकट मिळेल हा पुढचा भाग. नष्ट करण्याची मजुरी रोख आणि पावसाळ्यातही चालू राहणारी. यासाठी उत्तरपत्रिकांची निविदा काढताना गिरण्यांबरोबर अशा संस्थांनाही लहान वाटा मिळेल अशी अट घालावी लागेल, आणि पिना काढण्याचे तास दरात धरावे लागतील.

पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, टोपल्या विणणारे आहेत, खेळणी करणारे आहेत. लगद्याचं काम नाही. ते घालावं म्हणून कुणी निवेदन देईल, द्यावंही. पण यादीत नाव आलं म्हणून पाटी वाळणार नाही. येत्या फेब्रुवारीत ज्या गटाला हे काम काढायचं असेल त्याने ग्रामपंचायतीकडे घोडीसाठी आणि समाजमंदिराच्या गच्चीसाठी अर्ज करावा, आणि बँकेत कर्जाचा कागद पुढे आला की सही करण्याआधी पहिल्या हप्त्याच्या तारखेवर बोट ठेवावं. तिथे ५ एप्रिल छापलेलं असेल. ५ नोव्हेंबर करून मागावं.